पाळीवर चाक चढत नाही

माझी नातसून दर सुट्टीला कुठेतरी फिरून येते. कधी समुद्र, कधी डोंगर. परवा मला विचारत होती, "आजी, तुमच्या काळी तुम्ही कुठं जायचात हो फिरायला?" मी म्हटलं, मंडईला. तिला वाटलं भाजी आणायला. तिचं माहेर पुण्याकडचं, तिचा काय दोष? पण मला राग आला तो आलाच, आणि तिला जे सांगितलं तेच इथे सांगते.

भाऊबीज झाली की आमच्या धानाच्या मुलखात मंडया सुरू होतात. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून शेतात उभा असतो, आणि मधले हे थोडे दिवस माणसांना आणि बैलांना मोकळे मिळतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दमणी जुंपायची, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, तिच्यात धानाचं तणस टाकून वर सतरंजी अंथरायची आणि निघायचं. मंडईत बाजार भरतो, गुरं राखणारे गोवारी मोरपिसांची ढाल नाचवतात, दंडारीचं नाचगाणं होतं, ऊस आणि उकडलेले शिंगाडे खाऊन पोरांची पोटं दुखतात. घरोघरी चुली पेटलेल्या असतात. त्या दिवशी दारात आलेल्याला "जेवता का?" असं विचारायचं नसतं. आधी पायावर पाणी, मग पाट. ज्या घरापुढे जास्त बैल सुटले ते घर मोठं, मग त्यावर कवेलू असोत की गवत. दुसऱ्यांनी फिरायला जाऊन काय काय पाहिलं असेल ते पाहिलं असेल, आम्ही माणसं पाहायला जायचो, आणि त्यात मला काडीचाही कमीपणा वाटत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लेकी. सासरी गेलेली लेक माहेरच्या मंडईला यायचीच. सासू कितीही खाष्ट असो, मंडईला नाही म्हणायची रीत नव्हती.

फक्त आमच्या गावाला मंडईच नव्हती.

आमचं गाव केशोरीच्या बाजूला, तलावाच्या पल्याड. तलाव आमच्याच वाडवडलांनी बांधलेला. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला धान आणि मधे मातीची लांब पाळ. गावात यायला दोनच वाटा होत्या. उन्हाळ्यात रिकाम्या शेतांतून गाडीवाट, आणि बारा महिने पाळीवरून पायवाट. पाळीवर गाडी न्यायची नाही, हा गावाचा नियम. चाकोरी पडली की तिच्यात पाणी थांबतं, थांबलं की मुरतं, आणि एखाद्या श्रावणात पाळ फुटते. नवरदेव असो की गावाचा जमीनदार मालगुजार, पाळीपाशी उतरायचं आणि पायी चालायचं. आता दिवाळीला गाडीवाटेवर भारी धान उभा, मग पाहुण्यांच्या गाड्या येणार कुठून? म्हणून आमच्याकडे मंडई कधी भरलीच नाही.

माझी थोरली बहीण, तिला मी बाई म्हणायची, तिला नवेगावच्या मोठ्या तलावाकडच्या एका गावात दिली. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती, आमचा मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात होता. लग्न वैशाखातलं, वरातीच्या गाड्या शेतांतून थेट आमच्या दारात आल्या. पहिल्या दिवाळीला बाबा तिला आणायला गेले, तर तिची सासू चार माणसांसमोर हसून म्हणाली, "तुमच्या गावाले मंडई नाही, मंग पोरीले कायले नेता? आमच्या मंडईले इथं माणूस कमी पडून राहिले. तुमची मंडई भरवा, मीच घेऊन येतो तिले."

बाबा एकटे परत आले. मायनं बाईसाठी तळून ठेवलेल्या सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, गाईपुढे टाकल्या आणि दोन दिवस बाबांशी बोलली नाही.

बाबांकडे गावाचं पाणी वाटायचं काम होतं, त्यामुळे लोक त्यांचं ऐकायचे. पुढच्या आषाढात त्यांनी गाव जमवलं आणि सांगितलं की गाडीवाटेवरच्या बांध्यांत, त्या सगळ्या वाफ्यांत, यंदा हलका धान टाका, म्हणजे दिवाळीपर्यंत कापून वाट मोकळी होईल. हलका धान म्हणजे पीक कमी. आमचा एक चुलता चिडला. "तुह्या पोरीसाठी आमी पोट मारावं का?"

माय दाराआडून ऐकत होती, ती बाहेर आली. "माह्या एकटीच्या पोरीसाठी नाही भाऊजी. साऱ्या गावच्या पोरी दिवाळीले सासरी भांडे घासून राहिल्या. तुमच्या दोन्ही आल्या का मागच्या साली?" चुलता खाली पाहत तंबाखू मळायला लागला. वाटेवर हलका धान पेरला गेला.

आम्ही केशोरीच्या बाजारात, नवेगावच्या बाजारात मंडईची दवंडी दिली. घरं सारवली. तलावातले मासे, लाखोरीच्या डाळीचे वडे, नवा तांदूळ, सगळं ठरलं. वाटेवरचा धानही कापून झाला. आणि ऐन वेळी अवकाळी पाऊस आला, असा आला की गाडीवाटेवर गुडघाभर चिखल. बैल काय, म्हैसही त्यातून निघाली नसती. आता दवंडी परत घेता येते का? बाबा म्हणाले, गाड्या पाळीच्या त्या टोकाला सुटतील, पाहुणे पायी येतील.

त्या टोकाला पाहुण्यांचे पाय धुवायला मायनं मला उभं केलं. बाबा म्हणाले, "हिले नको ठेवू, हे भांडण करते."

"म्हणूनच ठेवून राहिलो," माय म्हणाली.

आणि लोक आले हो. मला वाटलं होतं चार-दोन गाड्या येतील, पण पाळीच्या टोकाच्या पडीत जमिनीवर बैल बांधायला जागा उरेना. गोंदियाहून छोट्या रेल्वेगाडीनं आणि मग खासरानं, म्हणजे बैलगाडीनं, आलेले लोक होते, ते हिंदीत "अरे, ये तो समुंदर है" म्हणत तलावाकडे बघत उभे राहिले. मी पाय धुवत होते आणि छाती अशी फुगली होती की चोळी तटतटावी. उतरून चालायला एकानंही कुरकुर केली नाही.

मग बाईच्या सासरची दमणी आली. चांगली शिंगं रंगवलेली बैलजोडी. गाडीवान थांबला नाही, त्यानं बैल सरळ पाळीकडे घातले. मी तांब्या खाली ठेवला आणि बैलांच्या पुढ्यात उभी राहिले.

"उतरा," मी म्हटलं. "पाळीवर चाक चढत नाही."

"लग्नात त दारापावतर आलो होतो," गाडीवान म्हणाला.

"तवा वैशाख होता. शेतातून आला होता तू."

दमणीतून सासूनं मान बाहेर काढली. "कोण होय हे टुरी?"

"माही बहीण," आतून बाईचा आवाज आला.

"मी या गावची विहीण होय. मी पायी येऊ?"

"मालगुजारही पायीच येत होता," मी म्हटलं.

"मालगुजारी गेली आता."

"मालगुजारी गेली, पाळ आहे."

भोवती बायामाणसं जमली होती. सासूचं तोंड लाल झालं. "फिरव रे गाडी," ती गाडीवानाला म्हणाली, आणि त्यानं कासरा ओढला.

मला दिसत होतं की मी दोन पावलं बाजूला झाले तर बाई घरी पोचते. एकच गाडी, एकच चाकोरी. पण पाय हलले नाहीत. तेवढ्यात माय पाळीवरून पळत आली, हात पिठानं भरलेले. कुणीतरी तिला सांगितलं असणार. तिनं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता एक थोबाडीत बसते, आणि बसली असती तरी मी तिला दोष दिला नसता, कारण त्या गाडीची वाट तिच्याएवढी कुणी पाहिली नव्हती.

ती सासूला म्हणाली, "विहीणबाई, माही पोर तुमच्या गाडीत आहे. लग्न झाल्यापासून मी तिचं तोंड पाहिलं नाही. पण या पाळीच्या भरवशावर सारं गाव झोपते. तुमी उतरा, मी तुमचा हात धरतो. नाही त फिरवा गाडी, मी इथूनच पाहून घेतो तिले."

मग बाईच आधी उतरली. डोक्यावरचा पदर सारखा केला, पायांतल्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि वळून सासूला म्हणाली, "मामीजी, हात द्या." सासूला काही सांगायची तिची ती पहिलीच वेळ असावी. सासूनं सुनेचा हात धरून पाय खाली टाकला.

मी सासूचे पाय धुतले. ती मायला म्हणाली, "या टुरीले आमच्या गावात नका देऊ. आमाले झेपायची नाही." माय हसली, आणि हसता हसता बाईच्या गळ्यात पडून रडली. पिठाचे दोन्ही हात बाईच्या नव्या लुगड्यावर उमटले.

पाळीच्या मध्यावर सासू थांबली. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला पिवळा धान. कितीतरी वेळ पाहत राहिली आणि सामोरे आलेल्या बाबांना विचारलं, ही पाळ कोणी बांधली म्हणून. बाबांनी आपल्या पूर्वजांचं सगळं सांगितलं, जरा जास्तच सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती. त्या दिवशी आमच्या घरी तिनं पोटभर खाल्लं आणि बाईला माहेरी ठेवून गेली.

तेव्हापासून आमची मंडई दरवर्षी भरली आणि बाईची सासू दरवर्षी आली. माझंही लग्न झालं, मीही माहेरवाशीण म्हणून यायला लागले. एका वर्षी तिचा गुडघा फार सुजला होता. बाबा पाळीच्या टोकाला उभे होते. बाबांनीच, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाचं चाक चढू दिलं नाही त्यांनी, खालच्या आवाजात म्हटलं, "विहीणबाई, आज राहू द्या. चढवा गाडी. गाव काही म्हणत नाही."

"काऊन?" ती म्हणाली. "आतापावतर कोणासाठी चढली नाही, आन माह्यासाठी चढवता? माह्या सुनेच्या माहेरची पाळ मीच नासवली, असं म्हणतीन लोक."

एक हात तिनं बाईच्या खांद्यावर ठेवला, एक माझ्या. बसत, उठत आम्ही निघालो, बाबा पुढे चालत होते. थोडं पुढे गेलो असू, तर मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. परगावचा कुणी नवखा गाडीवान पाळीवर गाडी घालत होता. मी तोंड उघडणार, तोच ती तशीच लंगडत मागे वळली.

"उतर रे बापा," ती म्हणाली. "आमच्या पाळीवर चाक चढत नाही."