आबांनी मशीनचे दात पाहिले

आमच्या घरी कुठलीही खरेदी आबांच्या परवानगीशिवाय होत नसे, आणि आबांना खरेदी एकच माहीत होती: मेंढीची. आबा माझे वडील. केंदूरच्या माळावर चरायला जागा उरली नाही म्हणून त्यांनी मेंढरं विकली, पैसे कोपरीच्या आतल्या खिशात घातले आणि खिशाला सेफ्टी पिन लावली. मी तेव्हा कारखान्यात हेल्पर होतो. मेंढरांच्या रिकाम्या शेडमध्ये गेट-ग्रिलचं काम सुरू करायचं माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी लोखंड कापायचं बँडसॉ मशीन हवं होतं. दौंडला एका बंद पडलेल्या वर्कशॉपात जुनं मशीन विकायला निघालं होतं. पण पिन उघडायची तर ते आधी आबांना पटायला हवं होतं.

दौंडला आबांनी मशीनला दोन फेऱ्या मारल्या. पाठीवर थाप मारली. मागून वाकून पाहिलं. काय पाहिलं ते त्यांनाच ठाऊक. मग मालकाला म्हणाले, "दात दावा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालक मात्र खूश. त्यानं कव्हर उघडलं. आत दोन चाकांवर दातेरी पोलादी पट्टी, म्हणजे ब्लेड, चढवलेली होती. आबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अंगावर एवढा गंज, आन् दात कोवळं?"

"नवीन ब्लेड टाकलंय, आबा. खास तुमच्यासाठी."

"म्हंजी ह्येचं दात न्हाईत हे? खोटं दात बसवून जनावर इकताय व्हय?"

ब्लेड बदलावंच लागतं, हे मी समजावलं, मालकानं समजावलं. आबांचं एकच, "ह्येचं सोताचं दात कुठं हायेत?" शेवटी मालक भंगारात शिरला आणि घामाघूम होऊन एक झिजलेलं ब्लेड घेऊन आला. ते त्याच मशीनचं होतं की नाही, देव जाणे. आबांनी ते उन्हात धरून पाहिलं.

"हां. म्हातारं हाय, पर खाणारं हाय."

आणि पिन उघडली. दात गेले की मेंढी चरत नाही, मग ती ठेवायची नाही, हा त्यांचा कायदा होता. ह्या मशीनचे अजून शिल्लक होते.

मशीन घरी आलं. आबांनी त्यावर भंडारा उधळला, शेजारी घोंगडी अंथरली आणि तिथंच झोपू लागले. पट्टी हळूहळू लोखंडात उतरायला लागली की समाधानानं म्हणायचे, "चरतंय." गिऱ्हाईक हसायचं, मी चिडायचो. मशीन थांबलं रे थांबलं की हाक यायची, "का रं, चरायचं का थांबलं?"

बरीच वर्षं त्यानं आमचं घर चालवलं. मग चाकं झिजली. नवं ब्लेड चढवलं तरी वाकडं कापायचं. मी शिरूरच्या भंगारवाल्याला बोलावलं. टेम्पो दारात लागला तेव्हा आबा दुधात भाकरी कुस्करत बसले होते. त्यांच्या तोंडात एव्हाना एकही दात उरला नव्हता.

"कशाला इकतूस?"

"काम होत न्हाई त्याच्याकडनं. तुम्हीच म्हणायचा ना, दात गेलं की ठेवायचं न्हाई?"

"व्हय," आबा म्हणाले. तोंडातला घास त्यांनी हिरड्यांनी चघळून गिळला. टेम्पोकडं पाहिलं. "मग मला कवा न्यायला येनार हाय त्यो?"

चिडून बोलले असते तर मी भांडलो असतो. ते खरंच विचारत होते. मी भंगारवाल्याला चहा पाजला आणि टेम्पो रिकामाच परत पाठवला.