दाजींची हरळी

दाजींना सगळा रस्ता दाजी म्हणतो. खरं तर ते एकाच माणसाचे दाजी. त्यांच्या बायकोच्या धाकट्या भावाचे. त्याचं पेव्हर ब्लॉकचं दुकान दाजींच्या गाळ्याच्या बरोबर समोर आहे. सकाळी शटर वर ढकललं की तो रस्त्यापलीकडून ओरडतो, "दाजी, उजाडलं का तुमच्याकडे?" ब्लॉक कापायच्या मशिनशेजारी बोलून बोलून त्याचा आवाज कायमचा चढलेला आहे. त्यामुळे हे नाव आधी टपालवाल्याने उचललं, मग सगळ्यांनी. मी त्याच रस्त्यावर राहतो, मीही दाजीच म्हणतो. त्यांच्या बायकोला ताई म्हणणं मग ओघानंच आलं.

दाजी बागा करून देतात. आधी ते एका गोदामावर पहारेकरी होते. गोदामाबाहेर उजाड जमिनीचा एक पट्टा होता. दिवसभर त्याच्याकडे बघून दाजींना कंटाळा आला. त्यांनी तिथे गवत लावलं. मालकाला भेटायला आलेल्या एकाने विचारलं, हे कुणी केलं? पहारा सुटला. पुढे सायकल, मग हातगाडी, मग जुना टेम्पो. हाताखाली दोन गडी आले. एक रोलर ओढतो आणि कुणाशी बोलत नाही. दुसरा खड्डे खणतो आणि पहिल्याच्या वाट्याचंही बोलतो.

धंदा वाढत होता. अडचण एवढीच होती की मेहुण्याचाही वाढत होता.

लोक बाग करून घेतात. सुरुवातीला गवतावर बसून फोटो काढतात. मग कळतं, गवताला पाणी लागतं. ते कापावं लागतं. मग मुलगा गाडी घेतो आणि ती लावायला जागा नसते. मग लोक त्याच रस्त्यावर येतात, पण समोरच्या दुकानात.

"दाजी, डॉक्टरांकडे उद्या ब्लॉक टाकतोय," मेहुणा सांगायचा. मनाने तो सरळ आहे. "तुमचं गवत उचलून आणू का?"

"आणून काय करू? फ्रेम करून भिंतीला लावू?"

ताईंचं म्हणणं, बिघडलं काय, काम घरातल्या घरातच राहतंय. दाजी अशा वेळी जेवणाच्या ताटावरून उठत नसत, पण वाढून घेणं थांबवत.

त्यांचा एक हट्ट होता. लॉन म्हणजे हरळी. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो घेऊन यायचं. गालिचासारखं गवत, एक पातं इकडचं तिकडे नाही. दाजी फोटो लांब धरून बघत. "सुंदर आहे," म्हणत. "पण याला रोज विचारावं लागतं, बाबा, बरं वाटतंय ना? हरळीला कुणी विचारलं नाही तरी तिचं चालतं."

निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत जात.

"त्यांना हवं ते द्या ना," ताई म्हणायच्या. "तुम्हाला काय त्या गवताबरोबर संसार करायचाय?"

"मला नाही. त्यांना करायचाय."

या हरळीपायी मेहुण्याशीही खटके उडत. त्याने ब्लॉक टाकले की काही महिन्यांनी फटींतून हिरव्या रेघा वर येत. गिऱ्हाइकांचे फोन त्याला जात. मग तो रस्ता ओलांडून येई. "दाजी, देवाशप्पथ सांगा. तुम्ही मागून जाऊन बी टाकता ना?"

"मी कशाला टाकू? तीच आहे खाली."

"मेली कशी नाही?"

"ते तिला विचार."

मग एक काळ असा आला की दाजींकडे कामच राहिलं नाही. बोलणारा गडीसुद्धा गप्प बसू लागला. एका सकाळी मेहुणा टेम्पोभोवती फिरताना दिसला. मागचा हौदा वितींनी मोजत होता.

"काय करतोस?"

"काही नाही. ब्लॉक किती बसतील बघत होतो. सहज."

सहज नव्हतं. ताईंनी भावाशी बोलून ठेवलं होतं. महिनाअखेरपर्यंत एखादं मोठं काम मिळालं तर ठीक. नाहीतर टेम्पो आणि दाजी, दोघांनीही समोरच्या दुकानात जायचं. "मी तुम्हाला गल्ल्यावर बसवेन," मेहुण्याने प्रेमाने सांगितलं. "पंख्याखाली." दाजी माझ्याकडे आले. मला म्हणाले, "मला पंखा नको रे." एवढंच.

त्याच आठवड्यात एका वृद्धाश्रमाच्या मॅडमचा फोन आला. त्यांनी शेजारची मोकळी जागा घेतली होती. सगळी बाग करायची होती. अट एकच. आधी केलेली कामं त्या स्वतः येऊन बघणार.

"फोटो पाठवू का?" दाजींनी विचारलं.

"नको. फोटोत सगळेच तरुण दिसतात."

संध्याकाळी दाजींच्या स्वयंपाकघरात बैठक बसली. मेहुणाही होता, चहा घेत.

"डॉक्टरांची बाग दाखवू," दाजी म्हणाले.

"ब्लॉक," मेहुणा म्हणाला.

"शाळेची?"

"तिथे मी स्वतः उभा होतो. फार छान झालंय."

"वकीलबाई तरी?"

मेहुणा कपात बघू लागला.

"कधी?"

"परवाच झालं. तुम्हाला सांगणारच होतो."

ताईंनी भावाच्या हातातला कप काढून घेतला. अजून निम्मा भरलेला होता.

शेवटी दाजींना निवृत्त न्यायाधीशांचा बंगला आठवला. तिथलं लॉन त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं. मेहुण्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की तिथे त्याने पाऊलही टाकलेलं नाही. ठरलं. मॅडमना तेवढंच दाखवायचं आणि परत आणायचं.

त्या दिवशी टेम्पो धुतला होता. मॅडम पुढे बसल्या. पायात चालायचे बूट, मांडीवर छत्री. मला दाजींनी बरोबर घेतलं होतं. "तू साहित्य शिकलास. जरा सौंदर्याबद्दल बोल." मी मागे शेणखताच्या पोत्यांवर बसलो होतो. तिथून सौंदर्याबद्दल बोलणं जमलं नाही.

बंगल्याचं फाटक उघडलं. आत लॉन होतं. हिरवंगार, सपाट, एक पातं इकडचं तिकडे नाही. मला हायसं वाटलं. दाजी मात्र वाकले. त्यांनी दोन बोटांनी पातं धरलं आणि सोडून दिलं. मग पँटला बोटं पुसली.

प्लॅस्टिक होतं.

"दोन महिने झाले," न्यायाधीश व्हरांड्यातून म्हणाले. "पाणी नको, कापणं नको. महिन्यातून एकदा झाडू मारतो. झकास!"

मॅडम मागे टेम्पोतून उतरत होत्या, न्यायाधीशांचं बोलणं त्यांना ऐकू गेलं नव्हतं. फाटकातूनच त्यांनी विचारलं, "वा. हे तुम्ही केलंत?"

दाजी पुन्हा पँटला बोटं पुसू लागले. एक हो म्हटलं की काम मिळत होतं. न्यायाधीशही काही बोलले नसते, ते आत पेपर आणायला गेले होते. दाजींनी समोरच्या दुकानातला पंखा डोळ्यांसमोर आणला असावा.

"नाही," ते म्हणाले. "माझं याच्या खाली होतं."

"मग तुमचं कुठे आहे?"

"माझंही खालीच आहे मॅडम. सगळीकडे."

मॅडमना हे कळलं नाही. मलाही कळलं नाही. पण त्या परत टेम्पोत बसल्या आणि म्हणाल्या, "चला, दाखवा."

डॉक्टरांकडे गेलो. अंगणभर करडे ब्लॉक आणि फटीफटीतून हिरव्या रेघा. दाजींना बघताच डॉक्टर हातातला टॉवेल टाकून बाहेर आले.

"बरे सापडलात! काय गवत लावून ठेवलंत हो? ब्लॉक टाकले, वरून रोज गाडी जाते. उकळतं पाणी ओतलं. मीठ टाकलं. तरी येतंय!"

"माफ करा डॉक्टर," दाजींनी हात जोडले.

मॅडम चष्मा कपाळावर सरकवून खाली वाकल्या. "मीठसुद्धा?"

"पोतंभर!"

"बरं," मॅडम म्हणाल्या. "पुढचं दाखवा."

शाळेत शिपाई भेटला. त्याने दाजींना ओळखलं आणि खराटा उचलला. मारायला नव्हे, दाखवायला. खराटा झिजून बुडखा राहिला होता. "तुमच्या हरळीने खाल्ला हा," तो म्हणाला. "मुलं सुट्टीभर यावरच नाचतात, तरी हिचं डोकं वरच."

"माफ कर रे," दाजी म्हणाले.

"मुलं रोज नाचतात?" मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. "पुढचं दाखवा."

वकीलबाईंकडे नुकतेच ब्लॉक बसले होते. तिथे काही उगवलेलं नसेल म्हणून दाजी निश्चिंत होते. पण कोपऱ्यात, पाण्याच्या नळाखाली, बोटभर हिरवं वर आलं होतं. वकीलबाईंनी दाजींना नोटीस पाठवायची भाषा केली. दाजींनी तिसऱ्यांदा माफी मागितली. मॅडम मात्र नळाखालचं ते बोटभर गवत छत्रीच्या टोकाने हळूच दाबत होत्या आणि सोडत होत्या. दाबलं की झोपत होतं. सोडलं की उठत होतं.

आम्ही परतलो. दाजींनी गाडी गाळ्यासमोर उभी केली आणि चावी काढून हातात धरली. रस्त्यापलीकडे मेहुणा दारात उभा होता. त्याने गल्ल्यामागची खुर्ची पुसून ठेवलेली दिसत होती.

"आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत," मॅडम म्हणाल्या. "उरलेला चहा झाडांना घालतात. कुंड्यांत काठ्या खुपसतात. एक आजोबा रोप लावलं की दुसऱ्या दिवशी उपटून बघतात, मूळ धरलं का. आत्तापर्यंत दोन माळी रडून गेले." त्या खाली उतरल्या. "मला हेच गवत हवंय. उद्या या."

दाजींच्या हातातली चावी खाली पडली.

"आणि वाटा त्या ब्लॉकच्या हव्यात," मॅडम म्हणाल्या. "व्हीलचेअर चालायला. कोण टाकतं ते?"

दाजींनी बराच वेळ घेतला. न्यायाधीशांकडे घेतला होता, त्याहून जास्त.

"मेहुणा," ते म्हणाले. मग रस्त्यापलीकडे बघून, प्रथमच, त्याच्याच आवाजात ओरडले, "ए! उजाडलं का तुझ्याकडे?"

काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी अडलं. मेहुण्याला ब्लॉक अगदी चिकटून बसवायचे होते. दाजींना मध्ये फट हवी होती, गवताला यायला. "मी जन्मभर फटी बुजवल्या," मेहुणा म्हणाला, "आणि आता मुद्दाम ठेवू? लोक काय म्हणतील?"

"कामाचा मालक कोण?"

"तुम्ही. पण ब्लॉक माझे."

"आणि व्हीलचेअरचं चाक अडकलं तर?" बोलणाऱ्या गड्याने मध्येच विचारलं. न बोलणाऱ्या गड्याने मान हलवली.

ताई डबा घेऊन आल्या, तेव्हा दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले होते. त्यांनी डबा खाली ठेवला. दोन ब्लॉकच्या मध्ये करंगळी आडवी धरली.

"एवढी."

"तुझी करंगळी की माझी?" मेहुण्याने विचारलं.

"माझी. तुझी घातली तर वाटेत विहीर होईल."

आज त्या वाटा ताईंच्या करंगळीएवढ्या फटींच्या आहेत. दुसऱ्या एका आश्रमाने बोलावलंय. दाजी आणि मेहुणा आता एकाच टेम्पोतून जातात आणि जाताना भांडतात.

मी मागच्या आठवड्यात तिथे गेलो होतो. ते आजोबा बागेच्या कडेला बसून गवत उपटून मुळं बघत होते. उपटलेल्याचा लहानसा ढीग शेजारी होता. मी दाजींकडे बघितलं. ते अडवतील असं वाटलं.

"उपटू दे," दाजी म्हणाले. "सवय आहे तिला."