चौथा मुद्दा आणि मेथीची जुडी

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत सगळी मुंबई सभा भरवत होती, मग मीच का मागे राहावं? परळच्या आमच्या इस्पितळात बाळंतपणाकडच्या आम्ही तिघी प्रमुख सिस्टर. एक लेबर रूमची, एक बाळांच्या खोलीची आणि बाळंतिणींच्या वॉर्डाची मी. तिघींची दारं एकाच व्हरांड्यात, पण निरोप जायचे आयांबरोबर, आणि वाटेत त्यांचं काय व्हायचं ते देव जाणे. म्हणून मी रोज सकाळी बैठक सुरू केली. मुद्दे मी लिहून आणायचे, आणि मुद्दा सोडून कुणी बोलायचं नाही. मेट्रनबाई "छान" म्हणाल्या. त्या एका शब्दावर मी आठवडाभर तरंगत होते.

हरताळाच्या दिवशीही मी बैठक घेतली. पहिला मुद्दा चादरी. लेबर रूमच्या सिस्टर मालवणकडच्या, माझ्याहून मोठ्या. त्या मध्येच म्हणाल्या, "अगो, कालची ती लालबागची पोर तुझ्याकडे आलीय ना, तिचं..."

"पेशंट चौथ्या मुद्द्यात. आधी चादरी."

चादरींतच वेळ संपला. चौथा मुद्दा उद्यावर टाकून मी समाधानाने पेन बंद केलं.

तेवढ्यात मेट्रनबाईंचा निरोप आला. ट्राम बंद, स्वयंपाकघरातली माणसं आलेली नाहीत, जमेल त्यांनी भाजी निवडायला या. आम्ही तिघी मेथीच्या ढिगाभोवती बसलो. मेथी निवडताना गप्प राहणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. आधी सासवा झाल्या, मग मुंबई कुणाची ते झालं. मग बाळांच्या खोलीतली म्हणाली, "त्या लालबागच्या पोरीकडे दोनदा बाळ पाठवलं पाजायला. त्याला धरतच नाही. नुसती आळशी!"

"आळशी?" लेबर रूमच्या सिस्टरांचे हात थांबले. "अंगावरून केवढं रक्त गेलंय तिच्या! केसपेपर डॉक्टरांकडे अडकलाय, म्हणून सकाळी तोंडी सांगत होते. तर हिच्या चादरी!"

"पण तिला आता उठवून चालवायला सांगितलंय मी," मी म्हटलं, आणि माझं वाक्य मलाच ऐकू आलं.

तिघी धावलो. आयाने पोरीला पलंगाच्या कडेला बसवलं होतं. पाय जमिनीला टेकलेले, ओठ पांढरे, मान कलंडत चाललेली. "आडवी करा!" मी ओरडले. एकीने पलंगाच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या. लेबर रूमच्या सिस्टरांनी पोटावर हात दाबून धरला आणि डॉक्टर येईपर्यंत काढला नाही. इंजेक्शन झालं, सलाईन लागलं. बऱ्याच वेळाने रंग परतला. पोरीने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "भाजीवालीला आत कशी सोडली?"

मेथीची जुडी अजून माझ्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातली माणसं आली, तरी बैठकीला मी त्यांच्याकडून मेथी मागून आणली. मुद्द्यांचा कागदही सवयीने आणला होता. तो देठं टाकायला बरा पडला. लालबागच्या पोरीची चौकशी सगळ्यात आधी झाली. बाळ पीत होतं. मेट्रनबाई दारातून डोकावल्या, तिघींना एकदम बोलताना पाहून जरा थबकल्या. या वेळी "छान" नाही म्हणाल्या. जाता जाता म्हणाल्या, "उद्या गवार पाठवते. ती निवडायला जास्त वेळ लागतो."