ईप्सिताचं अ‍ॅडमिशन

चंद्रशेखर गोगटे जर्मनीत, इंगोलश्टाटमध्ये गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. पुण्यात डिग्री मिळाल्यावर नोकरीसाठी त्यांनी फार वणवण केली होती. तेव्हापासून त्यांचं मत ठाम होतं: शिकता शिकता नोकरी मिळत असेल, तर दुसरा विचारच करायचा नाही. म्हणून मुलगी ईप्सिता शाळेच्या शेवटच्या वर्षाला आली, तसा त्यांनी ‘डुआल’चा धोशा लावला. तीन महिने कॉलेज, तीन महिने कंपनी, आणि पगार पहिल्यापासून.

ईप्सिताला म्युनिकला साधं, पूर्ण वेळचं मेकॅनिकल करायचं होतं. "आत्तापासून कंपनीला कशाला बांधून घेऊ?" ती जर्मनमध्ये विचारायची. "मला सुट्ट्या हव्यात, बाबा."

"सुट्ट्या काय, पुढे आयुष्यभर आहेत," ते मराठीत म्हणायचे.

जेवताना हेच, गाडीत हेच. शेवटी ती कंटाळली. गावातल्याच एका छोट्या कंपनीशी करार करून मोकळी झाली. म्युनिकचा अर्ज तिने भरलाच नाही.

ऑगस्टमध्ये कंपनीचा फोन आला. ऑर्डर आटल्या होत्या, यंदा नवे विद्यार्थी घेणार नव्हते. कंपनी नाही म्हणजे कॉलेजातली जागाही नाही. म्युनिकची मुदत कधीच उलटून गेली होती. चंद्रशेखर चार दिशांना फोन करत सुटले. सगळीकडून एकच शब्द, "लायडर." दिलगीर आहोत. फोन ठेवला की ते स्वयंपाकघरात येऊन मालिनीवर, म्हणजे बायकोवर, उगाच खेकसायचे.

ईप्सिता भांडली नाही. भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती लिफ्ट दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये उमेदवारीला जायला लागली. संध्याकाळी नखांत ग्रीस घेऊन यायची आणि जेवून झोपायची.

पुढचा उन्हाळा आला तसे चंद्रशेखर म्हणाले, "आता म्युनिकच. युनिव्हर्सिटी काही ऐनवेळी हात वर करत नाही."

"मला हायडेलबर्गजवळ जागा मिळालीये. लिफ्टच्या कंपनीत. डुआल."

"पुन्हा डुआल? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मागच्या वर्षी तू बरोबर उलटं सांगत होतास!" ईप्सिता ओरडलीच. "मला तेव्हा नको होतं, आता हवंय. मोटरचं झाकण उघडून बघायला आवडतं मला. तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

त्यांनी मालिनीकडे पाहिलं. ती भांडी लावत होती. "अहो, आता तरी तिला ठरवू द्या," एवढंच म्हणाली.

ऑक्टोबरात चंद्रशेखरच तिला तिथे सोडून आले. गेलं वर्षभर ती परीक्षा पास होतेय, कामावर तिचं कौतुक होतंय. तरी फोनवर त्यांचं टुमणं सुटत नाही.

"मधेच रेग्युलर कोर्सला बदलून मिळतं का गं?"

"बाबा, आईला दे फोन."

ते फोन मालिनीच्या हातात देतात आणि बाल्कनीत जाऊन उभे राहतात.