पार्किंगमधली हळद

मोटारीचा थर्मोस्टॅट बदलणं अजिबात अवघड नाही. अवघड असतं ते नंतर घरमालकिणीला तोंड दाखवणं.

नव्वदच्या दशकात आम्ही जपानात, टोकियोजवळ ग्योतोकुला राहत होतो. मी पुण्याहून कॉन्ट्रॅक्टवर आलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे जगातल्या प्रत्येक यंत्राबद्दल ठाम मत असलेला माणूस. भारतात परतणाऱ्या एका सहकाऱ्याची म्हातारी मोटार मी घेतली होती. जपानात मोटार सहज मिळते. ती उभी करायला जागा मिळवणं म्हणजे मुलीला स्थळ शोधण्यासारखं. जागेचा दाखला दाखवल्याशिवाय पोलीस गाडी ठेवूच देत नाहीत. आमच्या इमारतीखालच्या मोजक्या जागा घरमालकीण मोरिता-सान यांच्या हातात होत्या. सत्तरी ओलांडलेल्या या बाई रोज सकाळी पार्किंग स्वतः झाडायच्या आणि परदेशी माणसाला त्यांनी जागा पहिल्यांदाच दिली होती. अट एकच, जमिनीवर डाग पडता कामा नये. डाग पडला तर जागा गेली, आणि जागा गेली की गाडी गेली.

अशात मार्चअखेरीला सासरे, म्हणजे नाना, आले. सासूबाई गुडघ्यांमुळे आल्या नाहीत, पण त्यांनी नानांबरोबर पिशवी भरून सांगलीची हळद पाठवली (लेकीला परदेशात काही मिळत नाही, अशी त्यांची खात्री होती). रविवारी नानांना आमच्या गाडीतून फुजी पर्वत दाखवायचा बेत होता. आदल्या आठवड्यात रंगीत तालीम म्हणून त्यांना बाजारात नेलं, तर हिटरमधून गार वारा. नाना कानटोपी घालून ताठ बसले होते.

"जावईबापू, हा हिटर आहे म्हणालात ना?"

"हो नाना, तापतोय."

"तापू दे, तापू दे. आम्हाला घाई नाही," नाना म्हणाले आणि त्यांनी मफलर नाकावर ओढला.

ऑफिसातल्या एकाने सांगितलं, इंजिनाचं पाणी तापू देणारा थर्मोस्टॅट अडकला असेल, गॅरेजला दाखवा. पण सासऱ्यांसमोर गॅरेजला जायचं? ज्या माणसाने इंजिनिअर म्हणून मुलगी दिली त्याच्यासमोर? मी नवा थर्मोस्टॅट आणला आणि शनिवारी सकाळी बॉनेट उघडलं. माहितीपुस्तक जपानीत होतं, त्यामुळे मी फक्त चित्रं वाचली.

दोन बोल्ट काढले, जुना थर्मोस्टॅट उचलला. त्याच्या कडेची रबरी रिंग मात्र खाचेतच चिकटून राहिली. नव्याबरोबर नवी रिंग आली होतीच. आता जुनी काढून टाकायची, तर रबर हा जळणारा कचरा की न जळणारा? चुकीच्या पिशवीतला आमचा कचरा एकदा दाराशी परत आला होता, आणि अख्ख्या गल्लीने तो येताना पाहिला होता. शिवाय रिंग चांगली धडधाकट होती.

"राहू द्या हो," नाना म्हणाले. "एकापेक्षा दोन बऱ्या."

मलाही ते पटलं. आम्ही पुणेकर, चांगली वस्तू टाकवत नाही. दोन रिंगा बसवून मी बोल्ट आवळले, इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट ओतलं, इंजिन सुरू केलं. हिटर असा तापला की नानांनी कानटोपी काढली. त्यांच्या मते जावयाचा याहून मोठा सत्कार नाही.

संध्याकाळी माझी बायको माधवी दळण टाकायला जावं तशी सहज खाली गेली आणि धावत वर आली. (नानांसमोर ती मला 'अहो' म्हणते, एरवी 'अरे'.)

"अहो, गाडीखाली काहीतरी हिरवं सांडलंय."

इंजिन तापलं की थर्मोस्टॅटच्या जोडातून थेंब थेंब गळत होतं. मी बोल्ट आणखी आवळले, गळती वाढली. खाली वर्तमानपत्र अंथरलं, ते भिजलं. सकाळी मोरिता-सान झाडू घेऊन येणार होत्या. नानांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद पसरला. त्यांनी उभी हयात एकच जुनी मोटार चालवली होती, आणि तिचं सगळं आयुष्य गळण्यात गेलं होतं.

"हळद टाका," ते म्हणाले.

"कुठे?"

"रेडिएटरमध्ये. भोकाशी जाऊन बसते आणि बुजवून टाकते. कात्रजच्या घाटात मी किती वेळा केलंय."

मी इंजिनिअर. मला हे हसून टाळता आलं असतं. पण नानांच्या आवाजातला अनुभव घाट चढून कमावलेला होता, आणि माझ्याकडे फक्त चित्रं होती. आधी चमचाभर टाकली, मग मूठभर, मग नानांनी पिशवीच माझ्या हातून घेतली. इंजिन सुरू केलं. गळती तशीच राहिली. फक्त आता पिवळी झाली. वारा सुटलेला असल्याने पिशवीतली बरीचशी हळद आमच्या आणि शेजारच्या जागेवरही पसरली. पांढरे पट्टे पिवळे झाले. गाडीच्या बॉनेटमधून कांदेपोह्यांचा वास येऊ लागला.

अंधार पडायच्या आत हे धुऊन टाकायचं ठरवून मी बादलीभर पाण्यात कपड्यांचा साबण कालवला आणि गुडघ्यावर बसून घासायला लागलो. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. आठवलं मात्र अर्धं पार्किंग लालभडक झाल्यावर.

नेमक्या तेव्हाच मोरिता-सान सामानाची पिशवी घेऊन आल्या. त्यांना दिसलं ते असं: गाडीखालून वाहणारा लाल ओघळ, तो घाईघाईने पुसणारा परदेशी माणूस, आणि बाजूला कानटोपी घातलेला, हात मागे बांधून देखरेख करणारा दुसरा. त्यांनी आधी वाकून गाडीखाली कुणी आहे का ते पाहिलं.

मी उठलो आणि समजावू लागलो. चूक माझी कशी नाही, रंग का बदलतो, त्यामागचं रसायनशास्त्र काय. माझं जपानी ऑफिसातलं होतं. त्यामुळे मी बहुधा "प्रकल्प वेळापत्रकानुसार चालू आहे" एवढंच सांगितलं असावं. मोरिता-सान प्रत्येक वाक्याला अदबीने मान डोलावत राहिल्या. जपानात हे ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

"अरे, गप्प बस आधी," माधवी मागून म्हणाली. नानांच्या देखत.

ती पुढे आली, कंबरेत पार वाकली आणि भाजीबाजारात शिकलेल्या जपानीत नुसती माफी मागत राहिली. कारण नाही, खुलासा नाही. मग वर जाऊन तिने बेसनाच्या लाडवांचा डबा आणला. लाडवांचा रंग पाहून मोरिता-सान क्षणभर मागे सरकल्या, पण त्यांनी डबा घेतला. निकाल माधवीने आम्हाला मराठीत सांगितला. त्या रात्री गाडीखाली पांढरा कागद अंथरायचा. सकाळी त्यावर एक थेंब जरी दिसला तरी जागा दुसऱ्याला.

"पण हे गळतंय का?" माधवीने विचारलं. मी तिला दोन रिंगांची युक्ती अभिमानाने सांगितली. नानांनी मान डोलावली. ती आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

"कुकरला जुन्या रिंगवर नवी रिंग घालतं का कुणी? झाकण बसेल का?"

नाना एकदम आकाशाकडे बघू लागले. मी बॅटरीच्या उजेडात पुन्हा बोल्ट काढले, जुनी रिंग खरवडून काढली, पिवळं पाणी बादलीत उतरवून पेट्रोल पंपावर पोचवलं, नवं कूलंट भरलं. इंजिन चांगलं तापवून गाडी कागदावर उभी केली. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मोरिता-सान चष्मा लावून कागदाशी वाकल्या, तेव्हा मी खिडकीच्या पडद्याआड उभा होतो आणि नाना माझ्या मागे.

कागद कोरडा होता. जागा राहिली. डाग पुढे उन्हात आपोआप उडून गेले. फक्त मोरिता-साननी त्याच सकाळी करारावरचं माझं नाव खोडून माधवीचं घातलं आणि जागेपुढे तिच्या नावाची छोटी पाटी लावली. पाटीखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. माधवीने ती दोनदा वाचून दाखवली. यजमानांनी इथे बॉनेट उघडू नये.

त्याच दिवशी आम्ही फुजीला गेलो. हिटर झकास चालला, पर्वत मात्र ढगातून बाहेरच आला नाही. नानांनी तरीही अख्खा रोल संपवला. पुण्याला फोटो धुऊन आले तेव्हा सगळ्यांत नुसतं धुकं. एकच फोटो स्वच्छ आला होता, पार्किंगमधल्या त्या पाटीचा. सासुरवाडीच्या दिवाणखान्यात तो आजही फ्रेम करून लावलेला आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नाना त्या बारीक ओळीचा अर्थ मलाच सांगायला लावतात.