दोन बॅनरांमधला भीमराज

आमच्या कनेरगाव नाक्यावर माणसाचा फोटो बॅनरवर तीन वेळाच चढतो: वाढदिवसाला, तेराव्याला आणि सरकारी नोकरी लागल्यावर. भीमराज पुढाऱ्यांच्या मागे फिरणाऱ्यांतला नाही, त्यामुळे वाढदिवसाचा त्याला मिळाला नाही. नोकरीचा मात्र मिळाला, माझ्या ढाब्यासमोरच. एका खात्यात शिपाई म्हणून निवड झाली होती. कितीतरी वर्षं परीक्षा देऊन देऊन पोरगं चाळिशीकडे झुकलं होतं, तेव्हा कुठे यादीत नाव आलं. हलगी वाजली, गुलाल उधळला. रोज ‘ए भीम्या’ म्हणणारे ‘साहेब’ म्हणायला लागले.

त्याचे वडील, जळबाकाका, सोमेश्वररावांच्या शेतात सालगडी. आमच्याकडे गड्याचं साल पाडव्याला धरतात आणि पाडव्यालाच सुटतं. मधे कोणी विचारत नाही. काका त्या वर्षी मालकापुढे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “औंदा न्हाई. लेक साहेब झाला.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाला नाही म्हटलं असेल. मालकाने दुसरा गडी धरला.

आणि त्याच पाडव्याला कोरोनामुळे देश बंद झाला.

पुढे तिजोरीत खडखडाट आहे म्हणून भरती थांबली, मग यादीच रद्द झाली. बॅनर उन्हात फाटून गेला. काका रोजंदारीवर जाऊ लागले, भीमराज माझ्या ढाब्यावर भट्टीला उभा राहिला. भाकरी छान टाकतो. पण भाकरी टाकायला एवढं शिकावं लागत नाही, आणि हे आठवलं की माझं डोकं आजही फिरतं.

निवडणूक जवळ आली तसे सगळ्यांना बेरोजगार आठवले. टीव्हीवाले आले, माझ्याच खुर्च्या मांडून नाक्यावर चर्चा ठेवली. एका बाजूला सत्तेवाले, दुसरीकडे विरोधातले. सत्तेवाल्याने भीमराजच्या खांद्यावर हात टाकला, “अशा तरुणांसाठीच आम्ही मोठी भरती काढतोय!” विरोधातल्याने दुसरा खांदा धरला, “याची नोकरी तुम्हीच खाल्ली!” दोघे बैलाची शिंगं धरावीत तसे त्याला धरून भांडत होते.

भीमराजला एकच प्रश्न विचारायचा होता. आदल्या दिवशी पीठ मळता मळता त्याने मला दहादा म्हणून दाखवलं होतं. माईक तोंडापुढे आला तसा तो म्हणाला, “साहेब, यादी तुमी रद्द केली, वय आमचं चाललं. नव्या भरतीत आमचं जुनंच वय धरणार का?”

“हाच तर मुद्दा आहे!” दोघेही एकदम ओरडले, आणि माईक त्यांच्याकडे गेला तो परत आलाच नाही. कॅमेरेवाल्याने भीमराजला टाळ्या वाजवायला सांगितलं. त्याने वाजवल्या.

भरती मात्र खरंच निघाली. यंदा, पाडव्याच्या तोंडावर. नाक्यावर फटाके फुटले, श्रेय कोणाचं यावरून दोन्हीकडचे हमरीतुमरीवर आले. भीमराजने मोबाईलवर जाहिरात वाचली, वयाची अट पाहिली, मोबाईल खिशात घातला.

“काय रे?” मी विचारलं.

“बसत न्हाई मी भाऊ. नवीन तारखेनं वय धरून राहिले.”

मी शिव्या घातल्या. कोणाला घालत होतो ते मलाच कळेना. तो म्हणाला, “घरी मी सांगतो. बाचं साल एकदा पक्कं होऊ द्या, आत्ता ऐकलं तर हाय खाईल.” कारण सोमेश्वररावांचा गडी पुण्याला निघून गेला होता, आणि त्यांनी यंदा काकांना पुन्हा बोलावलं होतं.

पाडव्याला सकाळी ढाबा उघडला तर समोर नवा बॅनर. नेत्याचा मोठा फोटो आणि बाजूला टाळ्या वाजवणारा भीमराज. पलीकडच्या खांबावर दुसऱ्या पक्षाचा, त्यावरही तोच फोटो. भीमराज भट्टी पेटवत होता. त्याने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा फुंकर घालायला वाकला.

दहाच्या सुमारास जळबाकाका आले. धुतलेलं धोतर, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मोठा फोटो ओळखू येतो, अक्षर दिसत नाही.

“संतरामभाऊ, तोंड गोड करा! पोराचा फोटो पुन्हा लागला. सोमेश्वररावांना सांगून आलो, आता साल न्हाई धरत. त्यांनी लगेच दुसरा गडी धरला, धरू द्या.” मग भीमराजकडे वळले. “काहून सांगितलं न्हाईस रे? बापाला नाक्यावरून कळावं व्हय?”

भीमराजचे हात पिठात होते. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी त्यात पेढा भरवला. त्याने तो कसाबसा गिळला आणि माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. नका सांगू.

“भाऊ, मला दिसत न्हाई. काय लिवलंय ते वाचा की जरा मोठ्यानं,” काका म्हणाले.

मी नाक्यावरचा सगळ्यात तोंडाळ माणूस. पण त्या दिवशी लिहिलं होतं तेवढंच वाचलं, “भीमराजला दिलेला शब्द आम्ही पाळला.”

“पाहा!” काका म्हणाले. त्यांनी चपला काढल्या आणि बॅनरवरच्या नेत्याला हात जोडले.