पत्त्याच्या चौकटीतली एक ओळ

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. बारा वर्षांपूर्वी कर्ज काढताना फॉर्मवर मी माझ्या घराऐवजी ताईच्या घराचा पत्ता लिहिला. हप्ते थकलेच तर वसुलीवाले माझ्या दारात यायला नकोत, एवढंच मनात होतं. हप्ते थकले आणि ते तिच्या दारात गेले. शेजाऱ्यांच्या देखत तिनं त्यांना पाणी दिलं आणि मला म्हणाली, "अरे, बँकेचा काहीतरी घोळ झालाय बघ." मी मान डोलावली.

पुढे कर्ज फिटलं, पण क्रेडिट रिपोर्टवर तिचा पत्ता तसाच राहिला. गेल्या महिन्यात दुरुस्तीसाठी बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काका, इथे राहिलात कधी?"

"नाही. भाऊबीजेला जेवायला जातो."

"जेवायला जातात तिथले पत्ते सगळेच देऊ लागले, तर आमचं अवघड आहे हो!"

मी हसलो आणि माझं लाइटबिल तिच्यापुढे ठेवलं.

आज नवा रिपोर्ट आला. पत्त्याच्या चौकटीत एकच ओळ आहे, माझ्या घराची. कितीतरी वेळ ती वाचत बसलो. माणूस राहतो कुठेही. पण ज्या दारात कुणीही येऊन आपल्याला गाठावं अशी त्याची तयारी असते, तोच त्याचा पत्ता. शाळेत माझा पहिला नंबर कधी आला नाही. आला असता तर असंच वाटलं असतं. आता खुशाल कुणीही बेल वाजवावी, दार मीच उघडेन.

तो घोळ बँकेचा नव्हता, माझा होता, हे ताईला समोर बसून सांगणं मात्र अजून बाकी आहे.